तोनच्या शेडमधली आंत्वानेत

दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये एका सकाळी शेजारच्या तोननं मला न विचारता माझ्या घराला शिडी लावली आणि छपराची पन्हळ हातानं चाचपून बघितली. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होते. खिडकीबाहेर आधी एक निळी टोपी आली, मग सत्तरी उलटलेला लालबुंद चेहरा, आणि त्या चेहऱ्यानं मला हसून मान तुकवली. मी कॅमेरा बंद केला, खिडकी उघडली आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. "काही नाही, बघतोय," तोन म्हणाला. "कोरडी ठणठणीत आहे." आणि उतरून गेला. बेस्ट या डच गावात पाच वर्षं राहून मला एवढं नक्की कळलं होतं की इथला माणूस न सांगता शेजाऱ्याच्या दारातलं गवतसुद्धा उपटत नाही. मग हा माझ्या छपरावर का? माझा अख्खा दिवस चिडचिडीत गेला.

तोन फान रोय तसा चारचौघांसारखा माणूस. उभी हयात आइंडहोवनच्या एका कारखान्यात काचेच्या नळ्या वाकवण्यात गेली. कारखान्यातल्या आवाजानं कान निम्मे खाल्ले, त्यामुळे तो बोलायचा ते ओरडूनच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात चपला, शेडमध्ये लाकडी बूट, आणि निरोप घेताना आमच्या ब्राबांट प्रांतातलं "हाउडू". मला तो आवडायचा, पण दुरून. मला सगळेच लोक दुरून जास्त आवडतात.

त्याच्या मागच्या शेडमध्ये एक विमानाचं इंजिन आहे हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि ते काही चालायचं नाही हेही माहीत होतं. विमानं नुकती कुठे जमिनीवरून उठायला शिकत होती त्या काळातलं, फ्रान्समध्ये बनवलेलं इंजिन. आठ सिलिंडर, चार या बाजूला आणि चार त्या बाजूला कललेले, आणि प्रत्येक सिलिंडरला तांब्याचा डगला चढवलेला. सिलिंडर आणि डगला यांच्यामध्ये पाणी. आत पेट्रोलचा भडका उडतो, बाहेरचं पाणी उकळतं, त्याची वाफ विमानाच्या अंगावर बसवलेल्या नळ्यांमधून फिरून थंड होते आणि पुन्हा पाणी होऊन परत येते. मी ज्या कंपनीत काम करते तिथे मशीनमधलं पाणी अंशाच्या हजाराव्या भागानंही तापू नये म्हणून लोक डोक्याचे केस पांढरे करून घेतात. इथे पाणी उकळण्याचीच सोय. मला सुरुवातीला तो शुद्ध आचरटपणा वाटला होता.

हे इंजिन तोनला तीस वर्षांपूर्वी त्याच्या काकांच्या गोठ्यात पोत्यांखाली सापडलं. ते तिथे कसं आलं याची तोनची गोष्ट अशी, की एक वैमानिक माळावर गाईच्या अंगावर पडला आणि गाईच्या बदल्यात इंजिन ठेवून गेला. यातलं खरं किती ते ती गाय जाणे.

आता बाबा. माझे बाबा, मनोहर. पुण्यात लक्ष्मी रोडवर कापडाच्या दुकानात त्यांनी आयुष्यभर साड्या दाखवल्या. एकेका गिऱ्हाइकासाठी पन्नास पन्नास साड्या उलगडायच्या आणि प्रत्येक साडीबद्दल काहीतरी गोड बोलायचं. घरी येईपर्यंत बोलणं संपलेलं असायचं. आई होती तोवर तिच्या वाट्याला थोडं यायचं. माझ्या वाट्याला "जेवलीस?" आणि "पैसे आहेत ना?" एवढंच यायचं. आई गेल्यावर तर फोनवर आम्ही दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसायचो.

आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात मी आणि श्रेयस वेगळे झालो. लग्नाला सहा वर्षं झाली होती. कारणं सांगत बसत नाही, ती आमची आहेत. बाबांना फोन करायच्या आधी मी स्वयंपाकघरात उभी राहून चार वेळा सराव केला होता. मग फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं. मग बाबा म्हणाले, "बरं." आणि फोन बंद झाला.

त्या "बरं"नं मला किती छळलं ते सांगता येणार नाही. मराठीत या एका शब्दात काय काय मावतं ते आपल्याला माहीत आहे. बरं, ऐकलं. बरं, आता काय करायचं ते कर. बरं, माझं नाक कापलंस. मी प्रत्येक अर्थ घेऊन एकेक रात्र काढली. बाबांना माझी लाज वाटते का, एवढंच मला हवं होतं. हो तर हो. पण कळायला हवं होतं.

फेब्रुवारीत बाबा महिनाभरासाठी बेस्टला आले, तेव्हा मला वाटलं, बोलायलाच आलेत. ते सोफ्याच्या कडेवर पाहुण्यासारखे बसायचे, स्वतःचा कप स्वतः विसळायचे आणि विचारायचे, "तुमच्याकडे चहा किती वाजता असतो?" तुमच्याकडे! घरात मी एकटी. लेकीच्या सासरी उतरलेला बाप जसं बोलतो तसं ते माझ्या रिकाम्या घराशी बोलत होते. त्या विषयावर मात्र चकार शब्द नाही. परतीच्या तिकिटाला चार दिवस उरले आणि विमानं बंद झाली.

ब्राबांटमध्ये तो मार्च वाईट गेला. फेब्रुवारीच्या शेवटी कार्निव्हल झाला होता, लोक गळ्यात गळे घालून नाचले होते, आणि मग एकेक घर खोकायला लागलं. तोनबरोबर इंजिनावर काम करणारे चार म्हातारे होते. त्यांतले दोघं पंधरवड्यात गेले. उरलेल्या दोघांना मुलांनी घराबाहेर पडू दिलं नाही. शेडमध्ये तोन एकटा राहिला आणि इंजिन तर असं, की एकानं पाणी ओतायचं आणि दुसऱ्यानं बघायचं.

बाबा त्याच्याकडे कधी जायला लागले ते मला कळलंच नाही. मी दिवसभर वर मीटिंगमध्ये, ते खाली बागेत उन्हाला. एक दिवस जेवायला हाक मारली तर बागेत कोणी नाही, आणि कुंपणापलीकडून तोनचं ओरडणं. जाऊन बघते तर शेडची दोन्ही दारं सताड उघडी, जमिनीवर खडूची एक रेघ, रेघेच्या अलीकडे बाबा हातात पाण्याचा जग घेऊन उभे आणि पलीकडे तोन टॉर्च घेऊन इंजिनाखाली वाकलेला.

घरी आणून मी बाबांना झापलं. दोघांचं मिळून वय दीडशे, बाहेर काय चाललंय कळतं का, तुम्हाला काही झालं तर मी काय करू? बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, रेघ आखलीये तोनरावांनी." तोनराव! मी तोनलाही जाऊन सांगितलं की जरा थांब, सगळं सुरळीत होऊ दे. तो म्हणाला, "थांबणं तरुणांना परवडतं." मी दोघांना मास्क आणून दिले आणि माघार घेतली.

मग ते रोजचंच झालं. त्यांना एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं. तोन ब्राबांटी डचमध्ये बोलायचा, बाबा मराठीत. तोन मांसाचं सारण भरलेला पाव द्यायचा, तो बाबा आभार मानून खिशात घालायचे आणि येताना कोपऱ्यावरच्या कुत्र्याला घालायचे. ते कुत्रं पुढे बाबांना बघून रस्त्यात लोळण घ्यायला लागलं. पहिल्याच आठवड्यात तोननं मला कुंपणावरून ओरडून सांगितलं की मनोहारला सांग, या इंजिनाचं नाव आंत्वानेत आहे. ज्यानं पैसा घातला त्याच्या मुलीचं नाव. मी बाबांना सांगितलं. बाबा घास हातात धरून थांबले. "म्हणजे लेकीचं नाव इंजिनाला?" त्यांना ते फारच आवडलं. "मोठा माणूस असणार."

काम कंटाळवाणं होतं. ते तांब्याचे डगले शंभर वर्षांत कागदासारखे पातळ झालेले. त्यांत पाणी भरायचं, हातपंपानं थोडा दाब द्यायचा आणि थेंब कुठे येतो ते बघायचं. थेंब दिसला की सगळं पाणी काढायचं, वाळवायचं, घासायचं, तिथे डाख लावायचा आणि पुन्हा पाणी. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं. तोनचे हात थरथरायचे, म्हणून डाख लावताना तो मनगट फळीला पट्ट्यानं बांधून घ्यायचा. एकदा डाखाची घाई केली आणि होतं त्यापेक्षा मोठं भोक पडलं. त्या दिवशी तो खडूच्या रेघेवरच बसून राहिला होता, असं बाबा म्हणाले. त्या दोन मित्रांसाठी तरी हे एकदा चालू झालं पाहिजे, असं तो मला एकदा बोलून गेला होता. मी ते बाबांना सांगितलं, तेव्हापासून बाबांनी एकही दिवस चुकवला नाही.

आणि बाबा बोलायला लागले. म्हणजे माझ्याशी नाही, पण घरी आल्यावर चेहरा मोकळा असायचा. एका संध्याकाळी वरण वाढून घेताना म्हणाले, "आज तोनरावांनी दोनदा तुझी चौकशी केली."

"माझी? कशाला?"

"कशाला म्हणजे? माणुसकी म्हणून. रोज करतात."

तोन माझी चौकशी करत होता! मला भेटल्यावर तो हवामानापलीकडे कधी गेला नव्हता. "मग तुम्ही काय सांगता?" मी विचारलं. बाबांनी पापड मोडला. "सांगतो काहीबाही," म्हणाले.

माझं डोकं फिरलं. माझ्याशी एक शब्द नाही, आणि शेजाऱ्यापुढे माझ्या संसाराची पंचाईत? ज्याला मराठी कळत नाही त्याच्यापुढे का असेना. आठवडाभर मी ते गिळलं. मग एका दुपारी बाबा झोपलेले बघून मी तडक तोनच्या शेडमध्ये गेले आणि माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या डचमध्ये त्याला म्हटलं, की माझ्या वडिलांना माझ्याबद्दल विचारणं बंद कर, जे विचारायचं ते मला विचार.

तोननं टोपी मागे सारली. "मी? मी काय विचारणार? मला त्याचा एक शब्द कळत नाही."

"ते म्हणतात, तू रोज विचारतोस."

"मी विचारत नाही गं. तोच बोलतो. पाणी गळायला लागलं की जग खाली ठेवतो, हात असे मागे बांधतो आणि बोलायला लागतो. खूप वेळ. कधी कधी त्याचे डोळे भरून येतात." तोननं आवाज खाली आणला, म्हणजे त्याच्या मानानं. "मला वाटतं, ती प्रार्थना आहे. गळती थांबावी म्हणून तुमच्याकडे काही म्हणत असतील. मी त्याला मध्ये तोडत नाही. आणि खरं सांगू, दुसऱ्या दिवशी गळती कमी असते."

"गळायला लागलं की तू काय करतोस?"

"ओरडतो. दुसरं काय करणार? लेक! म्हणून ओरडतो."

मी त्याच्या स्टुलावर बसले. खडूच्या रेघेच्या चुकीच्या बाजूला, पण ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

डचमध्ये गळतीला लेक म्हणतात. हा शब्द मी पाच वर्षं नळवाल्यांकडून, विम्याच्या कागदांवर, कुठे कुठे ऐकला होता आणि एकदाही माझ्या कानाला तो खटकला नव्हता. बाबांना इंग्रजीतलं लीक कळलं असतं. पण लेक म्हटल्यावर त्यांना दुसरं काय कळणार? हा भला माणूस मुलीचं नाव दिलेल्या इंजिनाखाली वाकून दिवसातून चार वेळा जीव तोडून विचारतोय, लेक? मग सांगायला नको?

"पहिल्या दिवशी तर त्यानं तुझ्या घराकडे बोट दाखवलं," तोन म्हणाला, "आणि म्हणाला, माय लेक, माय लेक. म्हणून मी शिडी घेऊन आलो. पण तुझी पन्हळ चांगली आहे."

इंग्रजीतलं माय आणि आपली लेक! मी इतकी हसले की तोन घाबरला. काय झालं म्हणून तो विचारत होता, पण मी त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो भिडस्त माणूस पुन्हा कधी मोकळेपणानं ओरडला नसता, आणि बाबा मुके झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन कुंपणाला टेकून बसले. होय, चोरून ऐकायला. तोन ओरडला, "लेक!" जग खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काय सांगू तोनराव," बाबा म्हणाले, आणि तो आवाज मला ओळखू येईना. दुकानात साडी उलगडताना लावायचे तो आवाज. "काल तिनं मुगाची खिचडी केली. तिच्या आईची सर नाही, पण मी दोनदा घेतली. चौथीत होती तेव्हा मास्तर म्हणाले, ही फार प्रश्न विचारते. मी म्हटलं, मास्तर, दुकानात शंभर बायका येतात, प्रश्न विचारते तीच चांगली साडी घेऊन जाते. हे तिला ठाऊक नाही हो. बोललोच नाही कधी."

मला पुढचं ऐकवेना. म्हणजे ऐकायचं होतं, फार ऐकायचं होतं, पण ते मला सांगितलेलं नव्हतं. मी उठून आत गेले. ज्या गोष्टीसाठी मी जीव टाकत होते ती कुंपणाला कान लावून मिळवली असती, तर ती मला दिली कोणी, असं मला वाटत राहिलं असतं. मला ती हातात हवी होती.

पण सरळ विचारायचं धाडस माझ्यातही नव्हतं, शेवटी मुलगी त्यांचीच. मे गेला, जून गेला. भोकं कमी होत गेली. बाबा आता हाउडू म्हणायला शिकले होते आणि ते येताना, जाताना, फोन उचलताना कधीही म्हणायचे. जुलैच्या शेवटी सरकारी विमानात त्यांना जागा मिळाल्याचा फोन आला. ऑगस्टचा दुसरा रविवार. मी तोनला सांगितलं. तो इंजिनाकडे बघत उभा राहिला. "म्हणजे शनिवारी," म्हणाला.

शनिवारी सकाळी इंजिन ढकलत शेडच्या दारात आणलं. जाड ओंडक्यांवर बोल्टांनी आवळलेलं, मागे लांब तांब्याच्या नळ्या. ते फिरवायला तोननं एक जुनी इलेक्ट्रिक मोटर पट्ट्यानं जोडली होती. गेलेल्या दोघांच्या टोप्या शेडच्या खुंटीवर होत्या, त्या त्यानं काढून दारासमोरच्या बाकावर ठेवल्या. बाबांनी आठही डगल्यांत पाणी भरलं, थेंबही न सांडता. मला तोननं कानांत घालायला कापूस दिला.

मोटर घरघरली, इंजिन फिरलं, खोकलं, थांबलं. पुन्हा खोकलं. पांढरा धूर, मग निळा धूर. तोन काहीतरी पिळत होता, स्वतःशी शिव्या देत होता. मग एक सिलिंडर लागला, मग शेजारचा, आणि एकदम आठही. जमीन माझ्या पायाखाली थरथरायला लागली. गल्लीतले लोक अंगणात आले. नळ्यांमधून वाफ धावली आणि पलीकडच्या टोकाला पाणी होऊन टपटपायला लागली, अगदी सांगितल्यासारखी. मी त्याला आचरटपणा म्हटलं होतं. तोन टोपी छातीशी धरून उभा होता आणि त्याच्या तोंडावरून पाणी वाहत होतं. एवढ्याशा वेळासाठी एक माणूस तीस वर्षं खपतो हे मला त्या क्षणी अजिबात वेडेपणाचं वाटलं नाही.

मग त्यानं इंजिन बंद केलं. कानांत नुसती शिट्टी. तोन टॉर्च घेऊन एकेका सिलिंडरपाशी गेला, वाकला, बोट फिरवलं, पुढे गेला. आठवा झाला. तो सरळ उभा राहिला; आज ओरडायला काही नव्हतंच. जाऊन टोप्यांशेजारी बाकावर बसला.

बाबा रेघेवर जग घेऊन थांबले होते. ते तोनकडे बघत राहिले. मग माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आज काही विचारलं नाही गं त्यांनी." त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला बघवेना. उद्या विमान. आणि आज नेमकं कोणी विचारलं नाही.

"मी विचारते," मी म्हटलं. "बाबा, लेक कशी आहे तुमची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघणं जमेना म्हणून इंजिनाकडे पाहिलं. जग खाली ठेवला, हात मागे बांधले.

"लेकीनं फोन केला होता," ते इंजिनाला म्हणाले. "म्हणाली, बाबा, मी वेगळी झाले. मी म्हटलं, बरं. मला म्हणायचं होतं, बरं झालं सुटलीस. दोन वर्षं तिचा आवाज फोनवर वाळत चाललेला मला ऐकू येत होता. पण बरं एवढंच आलं तोंडातून, मग गळा दाटला, आणि गळा दाटलेला तिला कळू नये म्हणून मी फोन ठेवला. बघा. पोर एकटी, परक्या देशात, आणि बाप फोन ठेवतो. लाज वाटली, ती माझी मला वाटली. तेवढं सांगायला म्हणून आलो होतो. महिनाभरात होईल वाटलं होतं."

बाकावरून तोन ताडकन उठला. मनोहार बोलायला लागला म्हणजे गळती. टॉर्च पेटवून तो लाकडी बुटांचा खडखडाट करत आला आणि इंजिनाखाली वाकला. "कुठे? कुठे गळतंय?" तो मला विचारायला लागला.

कुठेच नाही, म्हणून सांगायला हवं होतं. त्याचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. पण बाबा अजून बोलत होते. मी तोनला बोटानं पलीकडच्या बाजूचा शेवटचा सिलिंडर दाखवला, आणि तो तिकडे गेला.